ईस्टरसाठी दूध, अंडं, लोणी नसलेला केक: कुणी केलाय का?

पापडीची सून
५ एप्रिलला ईस्टर. पुण्याहून भाची येतेय आणि ती आता व्हीगन झालीय. आमच्याकडे दरवर्षी रवा-नारळाचा बाथ केक आणि पोरांसाठी मार्झिपॅनची (काजू-साखरेच्या गोळ्याची) अंडी असतात. बाथमध्ये चार अंडी नि लोणी, मार्झिपॅनमध्ये अंड्याचं पांढरं. बेकरीवाला म्हणतो, "एगलेस घेऊन जा की!" मला तिचं ताट वेगळं वाढायचं नाहीये. सगळ्यांनी एकच केक खायचा, आणि सासूबाईंनी नाक मुरडता कामा नये.

खरपूस
एगलेसच्या नादी लागू नका ताई. त्यात बहुतेक वेळा कंडेन्स्ड मिल्क नाहीतर दही असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही दूध असलं तरी मिळतो. व्हीगनसाठी एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह वेगळं आहे: हिरवा व्ही आणि त्यावर पालवी. २०२२ पासून नियम आहे.

बाथच करा. स्पंज केक अंड्याशिवाय जमवायचा तर कसरत असते, इथे रवा भिजून फुगतो आणि तोच सगळं धरून ठेवतो. माझं प्रमाण: बारीक रवा २ कप, मैदा पाव कप, ओलं खोबरं १ कप (मिक्सरमधून फिरवून), साखर १ कप, नारळाचं जाड दूध दीड कप, खोबरेल तेल अर्धा कप (खायचं हं, डोक्याला लावायचं नाही), वेलची, चिमूटभर मीठ. हे कालवून किमान दोन तास ठेवा, रात्रभर ठेवलंत तर अजून छान. घट्ट झालं की थोडं नारळाचं दूध घालून सैल करा. भट्टी तापल्यावरच दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घालायचा. आधी घातलात तर सगळा वायू वाट बघण्यातच निघून जातो. वरून सुरीने चौकड्या ओढा, १७० अंशांवर ४५-५० मिनिटं. वरचा रंग खमंग तांबूस हवा, फिकट बाथ मी तरी वाढत नाही.

पापडीची सून
नारळाच्या दुधाची पावडर चालेल का? घरात पडलीय.

निर्मळकर
पाकिटामागचं वाचा आधी. पुष्कळ पावडरींत सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधातलंच प्रथिन. त्यापेक्षा नारळ फोडा, वसईत राहून पावडर कशाला?

मार्झिपॅन तर सोप्पं आहे. काजूकतली करता ना? तेच. काजूपूड २ कप, साखर १ कप, पाणी अर्धा कप. एकतारी पाकात पूड घालून गोळा होईपर्यंत मंद आचेवर परतायचं, उतरवून गुलाबपाणी, कोमट असतानाच मळायचं. साच्याला तूप लावायचा हात आवरा, खोबरेल लावा. चिरे पडायला लागले तर दोन थेंब पाणी घालून पुन्हा मळा. रंगाचं मात्र बघून घ्या. लाल-गुलाबी बाटलीवर आयएनएस १२० लिहिलं असेल तर तो कार्माइन, किड्यांपासून काढतात. गुलाबीसाठी बीटाचा रस आटवून घाला, पिवळ्यासाठी हळदीची नखभर चिमूट.

कोकम आगळ
वर पांढरं आयसिंग हवं असेल तर काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून फेटा. अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुगतं. २०१४ मध्ये एका फ्रेंच माणसाने, जोएल रोसेलने, हे शोधलं आणि आता जगभर अक्वाफाबा म्हणून चालतं.

खरपूस
एप्रिलमध्ये आणि वसईच्या दमट हवेत? तासाभरात चिकट होईल. शिवाय बाथवर आयसिंग म्हणजे पुरणपोळीवर केचप.

कोकम आगळ
बरं बाबा, नको घालू. मी लंडनमध्ये सिम्नेल केकवर वापरलं होतं. तिथे ईस्टरला सुक्या मेव्याचा केक करतात आणि वर मार्झिपॅनचे ११ गोळे लावतात, जूदासला वगळून येशूचे उरलेले प्रेषित. तुमची काजूची अंडी तशी मांडली तर सासूबाईंना बोलायला विषय मिळेल.

पापडीची सून
हे मस्त आहे! बाथ शनिवारी दुपारीच केला तर चालेल का? रात्री उशिरापर्यंत चर्चमध्ये असू.

निर्मळकर
धावेल. दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. फक्त फ्रीजमध्ये ठेवू नका, खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं आणि केक दगड होतो. पूर्ण गार झाल्यावर झाकून ओट्यावरच ठेवा. ओलं खोबरं आहे, तेव्हा रविवारी दुपारपर्यंत संपवा, आणि तुमच्याकडची पोरं बघता तेवढाही उरायचा नाही.