गुगलमुक्त फोन हवाय, बजेट १५ हजार, सल्ला द्या

गोदाकाठ: मंडळी, गुडघ्याच्या पट्ट्याबद्दल एकदा सर्च केलं तर आठवडाभर जिथे जाईन तिथे पट्ट्यांच्याच जाहिराती. वैताग आलाय. गुगल नसलेली, ओपन सोर्स (जिचा कोड सगळ्यांना खुला असतो) सिस्टीम हवीये. कॉल, सिग्नल मेसेजिंग अ‍ॅप, नकाशे, मराठी कीबोर्ड, आणि यूपीआय तर लागतंच. घरात जुना पोको एफ१ पडून आहे. बजेट १५ हजार, त्यावर एक रुपया नाही.

कट्टेकर: डोळे झाकून गुगलचा पिक्सेल ८ घे आणि त्यावर ग्राफीनओएस टाक, अँड्रॉइडवरचीच पण गुगल नसलेली सिस्टीम. ७ वर्षं अपडेट्स मिळतात. मी तेच वापरतो, मख्खन चालतो.

गोदाकाठ: दादा, १५ हजार लिहिलंय.

सह्यवेडा: आयफोन घ्या ना राव, कशाला ही डोकेफोड. थोडे पैसे साठवा.

रात्रपाळी: त्याला ओपन सोर्स हवंय, आयफोन कुठून आला मध्येच? आणि मला हे कधीच पटलेलं नाही की गुगल नको म्हणून गुगललाच फोनचे पैसे द्यायचे.

कट्टेकर: कारण आहे त्याला. पिक्सेलवर दुसरी सिस्टीम टाकून बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) परत लॉक करता येतो, त्यामुळे फोन चालू होताना दर वेळी सिस्टीममध्ये कोणी ढवळाढवळ केलीये का ते तपासलं जातं. लिनिएज (अशीच दुसरी ओपन सोर्स अँड्रॉइड सिस्टीम) टाकलेल्या बहुतेक फोनांवर बूटलोडर उघडाच राहतो, चोराच्या हातात पडला तर कठीण. शिवाय ग्राफीनवर गुगलच्या प्ले सर्व्हिसेस (अनेक अ‍ॅप्सना लागणारा गुगलचा भाग) टाकल्या तरी साध्या अ‍ॅपसारख्या चालतात, खास अधिकार नसतात.

इसारकर: सेकंडहँड पिक्सेल घेणार असाल तर आधी सेटिंगमध्ये 'ओईएम अनलॉकिंग' (बूटलोडर उघडू देणारा पर्याय) चालू होतंय का बघा. मी घेतलेला अमेरिकेतल्या नेटवर्क कंपनीचा निघाला, तो पर्याय कायमचा करडा, म्हणजे दाबताच येत नाही. विकणारा आता फोन उचलत नाही.

म्युनिकवासी_पुणेकर: माझ्याकडे फेअरफोन आहे, /ई/ओएस (गुगल काढलेली अँड्रॉइड) टाकूनच आला. मांड्रेक लिनक्स ही संगणकाची सिस्टीम काढणाऱ्या गाएल दुवालचा प्रकल्प आहे हा. बॅटरी हाताने काढता येते, हे सुख इतर फोनांत विसरा.

रात्रपाळी: फेअरफोन भारतात अधिकृतपणे मिळतच नाही. बजेट तर सोडूनच द्या.

सह्यवेडा: मग आपली भारओएस सिस्टीम का नको? स्वदेशी आहे.

कट्टेकर: २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासने दाखवली ती. पण डाउनलोड करून आपल्या फोनवर टाकायची सोय कुठाय? अँड्रॉइडच्याच ओपन कोडवर आहे तीही.

मावशी_ऑनलाइन: यूपीआयकडे कोणी बघतच नाहीये. माझं बँकेचं अ‍ॅप लिनिएजवर उघडतच नाही, 'डिव्हाइस सुरक्षित नाही' म्हणतं. बरीच अ‍ॅप्स प्ले इंटेग्रिटी (फोन विश्वासार्ह आहे का याची गुगलची चाचणी) तपासतात, त्यात गुगलने प्रमाणित न केलेली सिस्टीम नापास होते. ग्राफीनवर काही चालतात, काही नाही. घ्यायच्या आधी आपल्या बँकेचं नाव टाकून शोधा. बाकी एफ-ड्रॉइडवरून (ओपन सोर्स अ‍ॅप्सचं दुकान) हेलीबोर्ड कीबोर्ड घ्या, त्यात मराठी लेआउट आहे, मात्र बोलून टाइप करणं विसरा. नकाशाला ऑर्गेनिक मॅप्स, नेट नसलं तरी चालतं. गावाकडचे रस्ते नसतील तर आपणच ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा, ऑर्गेनिक मॅप्स तोच वापरतं) भरायचे, मी आमच्या वाडीचे भरलेत.

इसारकर: परत सांगतो, ओईएम अनलॉकिंग बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कट्टेकर: थोडक्यात काय, सेकंडहँड पिक्सेल ६ए आणि ग्राफीन. सुरक्षा अपडेट्स २०२७ पर्यंत आहेत.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. ठरलं माझं. पोको एफ१ वरच लिनिएज टाकतोय, गुगलचं काहीही न घालता. बूटलोडर उघडा राहील, चिपच्या फर्मवेअरचे (आतल्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट्सही येणार नाहीत, कळतंय, पण मला त्रास जाहिरातवाल्यांचा आहे, चोरांचा नाही. आणि बँकेचं सिम साध्या बटणवाल्या फोनमध्ये घालणार. *९९# डायल करून नेटशिवाय यूपीआय होतं, एका वेळी ५,००० पर्यंत, मला पुरे.

कट्टेकर: अरे पण क्यूआर स्कॅन कसा करणार?

गोदाकाठ: दुकानदाराला नंबर विचारेन.

मावशी_ऑनलाइन: लिनिएज टाकायच्या आधी फोटोंचा बॅकअप घे रे, अनलॉक करताना सगळं पुसलं जातं.