अपक्षांच्या टेकूवरचं सरकार: पाठिंब्याचं पत्र अपक्षाला बांधून ठेवतं का?

शास्त्रीरोड_अभ्यासिका:
१९९५ ला शिवसेना ७३ आणि भाजप ६५, म्हणजे युती १३८, २८८ च्या विधानसभेत बहुमत १४५. निवडून आलेले अपक्ष ४५, आणि त्यांच्यातल्या काहींच्या जोरावर मनोहर जोशींचं सरकार आलं. अशा वेळी राज्यपालांना पाठिंब्याचं पत्र देऊन अपक्षाने सभागृहात उलट मत दिलं, तर आमदारकी जाते का? आणि १४५ चा आकडा गाठावाच लागतो का?

नारायणपेठकर:
आमदारकी जात नाही. व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, चालतो तो पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्यांवर. अपक्षासाठी राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत (पक्षांतरबंदी कायद्यात) परिच्छेद २(२) आहे: निवडणुकीनंतर पक्षात प्रवेश केला, तर अपात्र. पाठिंबा देणं, काढणं, मंत्री होणं म्हणजे प्रवेश नव्हे. कर्नाटकात पाच अपक्षांना अध्यक्षांनी अपात्र ठरवलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये रद्द केलं. उलट हरियाणातल्या अपक्षांनी काँग्रेसप्रवेश केल्याचं टीव्हीवरच्या चित्रणातून दिसलं आणि २००६ मध्ये कोर्टाने अपात्रता कायम ठेवली. तेव्हा गळ्यात उपरणं घालून घेताना अपक्षाने दहादा विचार करावा. जुन्नरचे शरद सोनवणे २०२४ ला अपक्ष म्हणून निवडून आले, त्यांनाही हाच नियम.

पत्राचा उपयोग राज्यपालांची खात्री पटण्यापुरताच. बहुमत सभागृहातच सिद्ध व्हायला हवं, हे सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या बोम्मई निकालापासून पक्कं आहे.

कोथरूड_संसदीय:
१४५ लागतातच असं नाही. राज्यघटनेच्या कलम १८९ प्रमाणे हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. १३८ घेऊनच गणित करा. अध्यक्ष आपलाच केला की मतं उरली १३७, कारण अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत. समोर १५०. त्यातले १३ जण तटस्थ राहिले तर १३७-१३७, आणि मग अध्यक्षांचं निर्णायक मत. म्हणून उघड पाठिंबा न देता नुसता बाकावर बसून राहणारा अपक्षही सरकार तारतो. आकडेमोड करताना लोक हेच विसरतात.

विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, वेळेवर मागितली पाहिजे. १२ नोव्हेंबर २०१४ ला भाजपचे १२१ असताना विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला, त्यामुळे बाजूने किती आणि विरोधात किती याची नोंदच नाही. लोकशाहीच्या दृष्टीने मला हे गैर वाटतं.

शास्त्रीरोड_अभ्यासिका:
मग प्रत्येक अपक्षाला मंत्रिपद देऊन टाकलं तर?

नारायणपेठकर:
२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली. एकूण सदस्यांच्या १५ टक्के, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री धरून ४३. उरलेल्यांना महामंडळं किंवा मतदारसंघातली कामं. खरी कसोटी अर्थसंकल्पी अधिवेशनात लागते: विभागवार खर्चाच्या मागण्यांवर मतदान असतं आणि विरोधक कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव, आणतात. नाराज अपक्ष नेमका तेव्हाच बाहेर चहाला गेलेला असतो. त्या दिवसांत सरकारी प्रतोदाने (आमदारांना मतदानाला हजर ठेवणाऱ्याने) दुपारनंतरची हजेरी मोजावी.