एक मांजर गेल्यावर दुसरी कधी आणावी? खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

माझ्या माहेरी, एरंडोलला, मांजर आणायचा प्रश्न कधी आलाच नाही. धाब्याचं घर, धान्याच्या कोठीमागे ती व्यायची, एखादं पिल्लू तिथंच मोठं व्हायचं. जुनी कधीपासून दिसेनाशी झाली हे पोरांच्या ध्यानातही यायचं नाही. आता आम्ही जळगावात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथं मांजर ठरवून आणावी लागते, म्हणून ती गेल्यावर पुढची कधी, हेही ठरवावं लागतं.

आमची चिंगी हिवाळ्यात गेली. वय झालं होतं, मूत्रपिंडं थकली होती. आधी नुसतं पाणी जास्त प्यायला लागली, मग वजन उतरलं, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती थकली ते यावरून कळतं) वाढत गेलं. शेवटी शेवटी घरीच कातडीखाली सलाईन द्यायला शिकलो. मुलगा म्हणतो, लगेच आणू. नवरा म्हणतो, पुन्हा हे सगळं नको. नातेवाइकांत दोन तऱ्हा आहेत. एक ‘मांजरच तर होती’ म्हणणारे, दुसरे दुसऱ्याच दिवशी पिल्लांचे फोटो पाठवणारे. मला राग दुसऱ्यांचा जास्त आला.

तुम्ही कधी आणली? का आणली? की नाहीच आणली? एक विनंती, ‘काळ हेच औषध’ छापाचं लिहू नका, घडलं ते लिहा. पहिली कशानं गेली तेही सांगा. माझ्या मते निम्मं उत्तर तिथंच असतं.

रावेर, केळी बागायतदार

ताई, आमच्याकडे लाडाचा विषय नाही, उंदरांचा आहे. ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात, घरात गहू-ज्वारी असते. मांजर नसली की आठ दिवसांत फरक कळतो. त्यामुळे गेली की दुसरी, असंच आजवर चाललं.

पण मागच्या खेपेची मनी विषानं गेली. शेजारच्या वावरात उंदीर मारायच्या वड्या टाकल्या होत्या. त्या खाऊन उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त होऊन फिरतो. असला उंदीर मांजरीला आयताच सापडतो. हिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग नाकातून. गुरांचे डॉक्टर म्हणाले, या विषानं रक्त गोठायचं थांबतं, व्हिटॅमिन के-१ वेळेत मिळालं तर जनावर वाचतं. आमच्याकडे ते मिळेपर्यंत उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी आमचा सालदारच, म्हणजे सालभराच्या बोलीवरचा गडी, पिल्लू घेऊन आला. मी परत पाठवलं. विष तिथंच पडलेलं, मग हिला काय मारायला आणायची? आधी बांधाला बांध असलेल्या तिघा-चौघांशी बोललो. वड्या बंद, पिंजरे लावायचे, असं ठरवायला केळीचा एक घड कापण्याइतका वेळ गेला नाही, पण ते पाळलं जातंय का हे पाहण्यात पावसाळा गेला. कापूस घरात आला तेव्हा मांजर आणली. दुःख ओसरलं की नाही हे मी पाहिलं नाही. वावर तिच्यासाठी बरं झालं का, एवढंच पाहिलं.

धुळे, देवपूर, शाळेत विज्ञान शिकवतो

रावेरच्या भाऊंचं म्हणणं आजारालाही लागू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची दोन पिल्लं पाठोपाठ गेली. उलट्या, जुलाब, पाण्याच्या भांड्यापाशी बसून राहायची पण पाणी प्यायची नाहीत. निदान झालं पॅनल्युकोपेनिया. लोक याला मांजरांचा पार्व्हो म्हणतात. यात पांढऱ्या पेशी इतक्या घटतात की लहान पिल्लाला लढायला काही उरत नाही. माणसाला हा होत नाही.

बहिणीनं लगेच नवं पिल्लू आणायची तयारी केली होती. भाचा रडत होता, तिचंही खरं. डॉक्टरांनी अडवलं. हा विषाणू फरशीच्या फटीत, गादीत, मातीत वर्षभरसुद्धा तग धरू शकतो. नेहमीच्या फरशी पुसायच्या औषधांना तो जुमानत नाही. लस न झालेलं पिल्लू त्या घरात आणणं म्हणजे त्याला थेट आजाराच्या तोंडी देणं. लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. पहिलं इंजेक्शन झालं म्हणजे झालं, असं नाही.

शेवटी आम्ही पिल्लू आणलंच नाही. सगळ्या लसी झालेली मोठी मांजर घेतली. भाचा आधी नाराज होता, त्याला तळहातावर मावणारं हवं होतं. आता ती त्याच्याच अभ्यासाच्या वहीवर झोपते आणि गृहपाठ न केल्याचं कारण म्हणून तिचं नाव पुढे येतं. (मी शिक्षक असल्यानं हे कारण मला चालत नाही.)

अमळनेर

आमचा बोका मेला नाही. निघून गेला. हे जास्त वाईट, कारण रडायचं कधी तेच कळत नाही.

नसबंदी केलेली नव्हती, उन्हाळ्यात रात्र-रात्र बाहेर असायचा. आई गच्चीवर बिबड्या वाळत घालायची, तेव्हा हा शेजारी कावळ्यांवर पहारा करायचा, म्हणजे नुसता बसायचा. एक दिवस आला नाही. बोरी नदीच्या पात्रापर्यंत शोधलं. आई रोज रात्री दूध ठेवायची, सकाळी ते दुसऱ्याच कुणीतरी संपवलेलं असायचं.

माझी जिजी शेवटी म्हणाली, ‘आते रडीसन काय व्हई माय? दूध तं कोन्ही बी पेस. जो पेस त्याले घरमा ले.’ दूध पिणारी एक पिवळी मांजर होती, तिलाच घरात घेतलं. कधी आणायची हे आम्ही ठरवलंच नाही, ती आधीच जेवत होती.

मग पुढच्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेली मावशी सांगते, तुमचा बोका आमच्या गल्लीत पाहिला, गळ्यात लाल पट्टा, चांगला गलेलठ्ठ. आम्ही इकडे सुतकात आणि साहेब तिकडे दुसऱ्या घरी पंगतीत! आई जाऊन बघून आली. ओळख दिली नाही म्हणे. पिवळीची नसबंदी मात्र त्यानंतर लगेच केली.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

माझा हिशोब वेगळा आहे. घरात ठेवलेली मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगते, काही वीसही गाठतात. मी सत्तरी ओलांडली. म्हणजे पिल्लू आणलं तर मी आधी की ते आधी? हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, पण मुलगा मनात विचारत असणार. पत्नी गेल्यावर आमची सोनी माझ्या सोबतीला होती. ती गेली तेव्हा मी ठरवलं की आता बास.

रेल्वे क्वार्टरमध्ये एक गोष्ट नेहमी घडते. बदली होते, ट्रक भरला जातो आणि मांजर मागे राहते. आमच्या ओळीतलं कुटुंब असंच गेलं. त्यांची मांजर कुलूप लावलेल्या दारापाशी बसायची. वयस्कर होती, एका डोळ्यात फूल पडलेलं. पिल्लं सगळ्यांना हवी असतात, हिला कोण नेणार? मी नेली.

पण नेण्याआधी भाच्याला बोलावून समोर बसवलं आणि कबूल करून घेतलं की मी गेलो तर ही तुझ्याकडे. तो हसला. मी म्हटलं, हसू नकोस, हो म्हण. हो म्हणाला तेव्हाच तिला आत घेतलं. माझ्या वयाच्या लोकांना एवढंच सांगतो, थोराड मांजर घ्या.

चोपडा

आम्ही नाही आणली. आणणारही नाही. मुलगी सुरतेला असते, आता कधीही गाडीत बसता येतं. लोकांना वाटतं आम्ही अजून दुःखात आहोत. तसं काही नाही, मोकळे आहोत.

नंदुरबार

माझी लेक पहिलीत आहे. मांजर गाडीखाली गेली, तिच्या समोर. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, ती स्वतः विचारेपर्यंत विषय काढायचा नाही. कितीतरी दिवस विचारलंच नाही. नुसती चित्रं काढायची, प्रत्येक चित्रात मांजर रस्त्याच्या अलीकडे.

मग एके दिवशी म्हणाली, नवी आणू, पण नाव मनीच. आम्हाला ते बरं वाटेना. कुठंतरी वाचलेलं की नव्या जनावराला जुन्याचं नाव देऊ नये, मूल दोघांत घोटाळा करतं. समजावत होतो तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, ‘आजानं नाव नातूले ठेवतस ना? मंग मांजरले का नही?’ आम्ही गप्प. माझ्या नवऱ्याचंच नाव त्याच्या आजोबांचं आहे!

तर मनी दुसरी आली. घोटाळा वगैरे काही झाला नाही. लेक पाहुण्यांना सांगते, ‘ही दुसरी मनी, पहिली वारली.’ गॅलरीला जाळी मात्र पिल्लू यायच्या आधी बसवली.

जळगाव, पिंप्राळा

आमच्याकडे दोन होत्या, एक गेली. उरलेली खोल्याखोल्यांतून हाका मारत फिरायची. ज्यानं त्यानं सांगितलं, तिला जोडीदार आणा. मी आणायला निघालेही होते. डॉक्टर म्हणाले, आधी ती नीट खाते का बघा. मांजरीनं दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साठून ते जिवावर बेततं, जाड मांजरीला तर जास्तच. अशा वेळी घरात अनोळखी वास आणला तर ती आणखी बिथरेल.

म्हणून आधी तिचं खाणं सांभाळलं. मासा उकडून, कोमट करून, हातानं. हळूहळू रुळली. आणि मग कळलं की बाईसाहेबांना एकटीनंच राहायचं होतं! पूर्वी कपाटावरची जागा दुसरीची होती, ती आता हिची. रात्री माझ्या उशाशी, ती जागाही पूर्वी दुसरीचीच. जोडीदार हवा होता तो मला. तिच्या नावानं आणणार होते. नाही आणला.

(चिंगीची आई, पुन्हा) पिंप्राळ्याच्या ताई, हे वाचून मी मुलाला नाही, नवऱ्याला दाखवलं. ‘तिच्या नावानं’ यावर तो बराच वेळ गप्प होता. आमच्याकडे मुलाच्या नावानं चाललंय, असं त्याला सुचवायचं होतं बहुतेक.

धुळे, रस्त्यावरची पिल्लं घरं बघून देतो

मी देणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. मांजर गेलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा पहिलं वाक्य रंगाचं असतं. तशीच पांढरी हवी, पायात काळे मोजे हवेत, शेपटीला वळसा हवा. फोनमधला फोटो समोर धरतात. अशांना मी चहा पाजतो आणि पिल्लू देत नाही. काही दिवसांनी परत या म्हणतो. कारण ते पिल्लू घरी जाऊन पडदे फाडणार, आणि लोक म्हणणार, आमची आधीची असं करत नव्हती. आधीचीही करत होती, ते विसरलेत.

एक काका तिरंगी बोकाच हवा म्हणून अडून बसले होते. पांढरा-काळा-पिवळा असे तिन्ही रंग असलेली मांजर जवळपास नेहमी मादीच असते, ते रंग गुणसूत्रांवर अवलंबून असतात. काका मानेनात. त्यांचा आधीचा तिरंगी ‘बोका’ही मादीच असणार, पण गेलेल्याबद्दल वाद घालू नये म्हणून मी सोडून दिलं.

परत आल्यावर जो विचारतो, ‘यातली सगळ्यात भित्री कोणती?’ किंवा नुसतं, ‘कोणती आहे?’ त्याला देतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणालाच देत नाही, कितीही रडलात तरी. आईजवळून लवकर तोडलेली पिल्लं पुढे चावरी निघतात.

शिरपूर

मुहूर्ताबद्दल बोलताय तर ऋतूचंही बोला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना एसटीतून, टोपलीतून पिल्लू आणू नका. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली तर ते कुत्र्यासारखं नेहमीचं नसतं, तिला ऊन बाधतंय. ओल्या फडक्यानं अंग पुसा, डॉक्टर गाठा.

आमची उन्हाळ्यातच गेली होती, म्हातारी होती. आखाजीला पितरांची घागर भरली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी शेजारी एक वाटी दूध ठेवलं. कुणी विचारलं नाही, कुणी हसलं नाही. नवी आणली ती पाऊस पडून हवा थंड झाल्यावर. त्याला भावनिक कारण काही नव्हतं, पत्र्याखालच्या खोलीत तोवर माणूसच तगत नव्हतं.

पाचोरा

सगळं वाचतोय. आमचं पिल्लू परवा गेलं. देवपूरच्या सरांनी लिहिलेला आजारच. शेजारी व्यायलेली मांजर आहे, ते पिल्लू देतो म्हणतात. घर कशानं धुवायचं? फिनाईलनं धुतलंय.

धुळे, देवपूर

पाचोऱ्याच्या दादा, वाईट वाटलं. शेजाऱ्यांना आत्ता नाही म्हणा. त्यांच्या मांजरीला आणि पिल्लांना हात लावायच्या आधी तुम्ही हात-पाय धुवा, कपडे आणि चपला बदला. विषाणू त्यांवरूनही जातो. त्यांना हा आजार झाल्याचं सांगाच, म्हणजे ते पिल्लांच्या लसीचं बघतील.

फिनाईल पुन्हा वापरू नका, मांजरांना ते विषारी असतं आणि या विषाणूवर त्याचा भरवसा नाही. आधी साबणानं घाण काढा, मग साधं ब्लीच, एका भागाला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर स्वच्छ पाण्यानं पुसा. खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीच आणि फिनाईल किंवा अॅसिड एकत्र करू नका. त्याची गादी, टोपली, मातीचं भांडं टाकून द्या. स्टीलची वाटी ठेवली तरी चालेल, ब्लीचनं धुऊन.