विश्वासू पाळक की निष्ठावंत पाळक?

नगरची_लेक
आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब (पास्टर) ३१ वर्षांनी निवृत्त होताहेत. मानपत्राचा मजकूर अमेरिकेतल्या चुलतभावाने इंग्रजीत पाठवला, त्यात 'फेथफुल पास्टर' असं आहे. मी सरळ 'विश्वासू पाळक' लिहिलं. डीटीपीवाल्याने 'विश्वासू पालक' करून आणलं, वर मलाच म्हणाला, "ताई, तुमची चूक दुरुस्त केलीय." ते निस्तरलं. आता कमिटीतले एक काका म्हणतात, विश्वासू नोकर असतो, नाहीतर कुत्रा. साहेबांना 'निष्ठावंत' म्हणा. शुक्रवारी छपाईला द्यायचंय. काय लिहू?

रिकामटेकडा
निष्ठावंत म्हटलं की तिकीट न मिळालेला कार्यकर्ता डोळ्यांपुढे येतो. बाकी चालू द्या.

जुना_खिळा
काकांना बायबलातलं मत्तय २५ वाचायला द्या. 'शाबास, भल्या व विश्वासू दासा.' तिथे दासच आहे, आणि तो मान आहे. शिवाय मंडळीत 'विश्वासी' वेगळा, 'विश्वासू' वेगळा. विश्वासी म्हणजे श्रद्धा ठेवणारा. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर टाकून आपण निवांत झोपू शकतो तो. बाहेरच्यांचा इथे हमखास घोळ होतो.

शुद्धमराठी
मुळात 'पाळक' हाच ओढूनताणून केलेला शब्द. संस्कृत 'पालक' असताना ळ कशाला? डीटीपीवाला बरोबर आहे.

जुना_खिळा
मग उद्यापासून फळाला फल म्हणा आणि काळाला काल. अहो, पालक शाळेच्या मीटिंगला जातात, पाळक आजाऱ्याच्या उशाशी बसतो. भाषेने एकाचे दोन करून दोघांना कामं वाटून दिलीत. बायबलात इफिसकरांस ४:११ मध्ये 'पाळक व शिक्षक' स्पष्ट छापलंय.

रिकामटेकडा
आणि तिसरा पालक भाजीत.

वसईचा_केळीवाला
आमच्या कॅथलिकांत पाळक कुणी म्हणत नाही. तोंडी फादर, छापील धर्मगुरू. पाद्री हा पोर्तुगीज 'पाद्रे', म्हणजे बापच. पण फादर म्हटलं की माणूस आपला वाटतो, पाद्री म्हटलं की जुन्या नाटकातला. आमचे वसईचे धर्मगुरू-लेखक फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही सगळ्यांनी 'फादर दिब्रिटो'च छापलं. वसईची हिरवाई वाचवायला ते उभे राहिले ते फक्त चर्चच्या लोकांसाठी नव्हतं. त्यांना फादर म्हणायला कुणाला बाप्तिस्मा लागला नाही.

शुद्धमराठी
फादर मराठी कधी झाला?

जुना_खिळा
रेव्हरंड झाला तेव्हा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. अभंग लिहिणारा माणूस, आणि आपण सगळे आजही म्हणतो 'रेव्हरंड टिळक'. तिथे शुद्धी कुठे गेली होती?

माळावरचा
मी धनगर, ख्रिस्ती नाही. पाळक म्हणजे मंडळीचा मेंढपाळ म्हणता, पण मेंढपाळ हा पुस्तकी शब्द आहे एवढं सांगतो. आमच्यात विचारलं की "दादा कुठंय?" तर उत्तर येतं, "मेंढरांमागं." मेंढरं राखायची, चारायची. पाळायची ती कोंबडी.

जुना_खिळा
वा! पण योहान १०:४ मध्ये मेंढपाळ 'त्यांच्यापुढे चालतो' म्हटलंय. आणि योहान २१ मध्ये येशू पेत्राला तीनदा सांगतो: कोकरे चार, मेंढरे पाळ, मेंढरे चार. मूळ ग्रीकमध्येही चारणं आणि राखणं यांना दोन निराळी क्रियापदं आहेत. म्हणजे 'पाळक' त्या मधल्या वाक्यातला.

माळावरचा
पुढं बी एक लागतोच, वाट दाखवायला. पण खरं काम मागच्याचं. लंगडं कोणतं, वाटंत व्यालं कोणतं, ते त्यालाच दिसतं. कोकरू खांद्यावर घेऊन येणारा नेहमी मागूनच येतो. रात्री कोकरं वाघरीत कोंडायची, मग भाकरी.

नगरची_लेक
हे वाचून साहेबच दिसले. त्यांच्या खिशात एसटीच्या तिकिटांमागे आजाऱ्यांची नावं लिहिलेली असत. भेटून आले की नाव खोडायचे. माणूस वारला तर मात्र खोडायचे नाहीत, त्याच्याशेजारी बायकोचं नाव लिहायचे. माझ्या बाबांच्या नावाशेजारी आईचं नाव चार वर्षं होतं, तिकीट बदललं की पुन्हा उतरवलेलं.

माळावरचा
मग मागचाच माणूस की ओ.

नगरची_लेक
हो. पण काका अडून बसलेत. विश्वासू की निष्ठावंत, तेवढं सांगा ना कुणीतरी.

शुद्धमराठी
'एकनिष्ठ' चालेल. आणि 'पाळत ठेवणे'सुद्धा याच पाळण्यातलं असावं, त्यावर कुणी विचार केलाय का?

जुना_खिळा
एकनिष्ठ नवरा असतो. पाळतीचं मात्र पटतंय! बिशपचा मूळ ग्रीक शब्दही 'वरून नजर ठेवणारा' असाच आहे. मराठी बायबलाने त्याला 'अध्यक्ष' करून टाकलं, आणि मग अध्यक्षांनी काय केलं ते आपण मंडळ्यांच्या निवडणुकीत बघतोच.

वसईचा_केळीवाला
निवडणुकीचं काढू नका, इथे आमच्यातलेही बरेच आहेत.

रिकामटेकडा
@माळावरचा, वाघर की वाघूर? आमच्याकडे वाघूर नदी आहे, धरणही आहे.

माळावरचा
नदीचं म्हाईत नाही. ही सुताची जाळी. खुट्ट्या ठोकून उभी करायची.

शुद्धमराठी
संस्कृत 'वागुरा'. म्हणजे वाघूरच शुद्ध.

माळावरचा
कोकरांना सांगून बघतो.