मोठा डी की लहान डी?

जनुकांची नावं आणि त्यांच्या छोट्या खुणा लिहिण्याबद्दल कोणीतरी म्हटलंय, 'अक्षर लहान-मोठं असण्याने फरक पडत नाही'. फळमाशीत नेमका तिथेच पडतो! लहान डी-एल म्हणजे डॉर्सल; मोठा डी, लहान एल म्हणजे डेल्टा. दोन पूर्ण वेगळी जनुकं. जनुकाचं नाव ज्या उत्परिवर्तनावरून (जनुकातल्या बदलावरून) पडलं ते प्रभावी (एकाच प्रतीत असूनही परिणाम दिसणारं) असेल तर पहिलं अक्षर मोठं, अप्रभावी (धड प्रत सोबत असली की झाकलं जाणारं) असेल तर लहान.

मूळ प्रश्न होता की 'ॲप्रिकॉट' आणि 'डब्ल्यू 1118' ही वेगळी जनुकं आहेत का. नाहीत. दोन्ही 'व्हाइट' (खूण डब्ल्यू) या एकाच जनुकाचे प्रकार. जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनला 1910 मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, त्यावरून हे नाव. म्हणजे जनुक धड असेल तर डोळे लाल! (नाव बिघाडावरून ठेवायची ही खोड नवख्याला हमखास गंडवते.) ॲप्रिकॉटमध्ये 'कोपिया' हा उड्या मारणारा डीएनए-तुकडा घुसलाय, म्हणून रंग फिका नारिंगी. 1118 मध्ये जनुकाचा काही भागच गायब, डोळे पांढरेफटक.

जुन्या शोधनिबंधातलं नाव अडलं तर फ्लायबेस या फळमाशीच्या जनुकांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यात समानार्थी नावं शोधा, आणि वहीत तिथले क्रमांकच उतरवा: एफबीजीएनने सुरू होणारा जनुकाचा, एफबीएएलने सुरू होणारा त्याच्या प्रकाराचा. नावं बदलतात हो.