गिरणगावातल्या मराठी शाळा इंग्रजी केल्या तर मुलं पुढे जातील?

लालबागची लेक:
18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आजोबा साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, कितीतरी परत आत गेलेच नाहीत. तेव्हा सातवी झालेला पोरगा बदली कामगार म्हणून गिरणीत चिकटायचा. आता फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये काउंटरवर उभं राहायचं तरी इंग्रजी लागतं. पालिकेने जोगेश्वरीत पूनमनगरला 2020 मध्ये इंग्रजी माध्यमाची सीबीएसई शाळा सुरू केली. मग पट घसरलेल्या आमच्या मराठी शाळाही तशाच करा. खासगी शाळेची फी आम्हाला झेपत नाही.

निवृत्त मास्तर:
ताई, तळमळ कळते, पण हे पटत नाही. सेमी इंग्रजीच्या वर्गात एक मुलगी 'थ्री फोर्थ' बिनचूक वाचायची. भाकरीचे चार तुकडे करून 'थ्री फोर्थ' दे म्हटलं, तर नुसती बघत राहिली. 'पाऊण भाकरी दे' म्हटल्यावर लगेच तीन तुकडे उचलले. गणित तिला येत होतं, आपणच ते तिच्यापासून लांब नेलं. मातृभाषेतून शिकवा, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदाही सांगतो, शक्य असेल तिथवर.

लालबागची लेक:
सर, ती मुलगी उद्या नोकरीला जाईल तेव्हा समोरचा पाऊण म्हणणार नाही. माझा भाऊ दिवसा कॅन्टीनमध्ये राबून रात्रशाळेतून दहावी झाला. मुलाखतीत हिशेब सोपाच होता, पण इंग्रजीतला प्रश्नच त्याला कळला नाही. घरी येऊन दोन दिवस बोलला नाही तो.

चाळीतला:
माध्यमावर भांडताय, पण पोरांनी अभ्यास करायचा कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, टीव्ही, स्वयंपाक. पालिका दप्तर, रेनकोट धरून 27 वस्तू देते, त्या उपयोगाच्याच आहेत. पण आमच्या गल्लीतल्या शाळेला संध्याकाळी कुलूप असतं. रात्री नऊपर्यंत चार वर्ग उघडे ठेवा, एक शिक्षक बसवा. माझी पोरगी जिन्यात बसून लिहिते.

निवृत्त मास्तर:
हे मात्र सोळा आणे खरं. आणि ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय 2000 पासून आहे, पण तो शिकवणाऱ्यालाच इंग्रजी बोलता येत नसेल तर? प्रत्येक मराठी शाळेत इंग्रजीचा पक्का शिक्षक द्या, अशी मागणी करा. पहिली सही माझी.

लालबागची लेक:
सही मीही करते, सर. पण माझा मुलगा या जूनमध्ये पहिलीत जातोय. तोवर तो शिक्षक येईल का?