शब्दचर्चा: छपाईआधीच्या मगाला ‘कोरा’ म्हणावं, ‘साधा’ की आणखी काही?

धागाकर्ती, गिरगाव

आमच्या बचत गटातल्या बायका मगांवर फोटो छापून देतात. बारसं, वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन, अशी कामं असतात. आता त्यांना छपाईआधीचे मगही विकायला ठेवायचे आहेत. घाऊक बाजारात अकरा औंसांच्या मगांचा खोका सहसा ३६ नगांचा येतो आणि ज्याच्याकडे घरी छोटा प्रेस (मग तापवून त्यावर चित्र उतरवायचं यंत्र) आहे त्याला चार-सहाच हवे असतात. यादी मराठीत करायची, प्रत्येक मगाचा फोटो आणि खाली दोन ओळी, असं ठरलंय.

पहिल्याच शब्दाला अडले आहे. इंग्रजी ‘ब्लँक मग’चं यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर ‘रिकामा मग’ येतं. रिकामा मग म्हणजे ज्यातला चहा संपला तो. ‘रिक्त’ म्हटलं की सरकारी पदं आठवतात. दुकानदार ‘ब्लँक’ म्हणतात. मला ‘कोरा मग’ बरा वाटतो: कोरा कागद, कोरी पाटी, सातबारा कोरा. पण ‘कोरा चहा’ म्हणजे बिनदुधाचा चहा, त्यामुळे मगाच्या बाबतीत घोटाळा होईल का? आणि नुसतं ‘मग’ लिहिलं तर बादलीतला मगही डोळ्यांपुढे येतो. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद, लालबाग (छपाईचं काम)

ताई, ‘कोरा कॉफी मग’ लिहा. चहाशी घोटाळा व्हायची भीती नको, कारण इथे ‘कोरा’ मगाला लागलाय, आतल्या पेयाला नाही.

पण तेवढ्यावर थांबू नका. ‘कोरा’ या शब्दातून एवढंच कळतं की मगावर चित्र नाही. गिऱ्हाइकाला खरं विचारायचं असतं ते निराळंच: हा मग रंग धरेल का? क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला कुठल्याही क्रोकरीच्या दुकानात पांढराशुभ्र मग मिळतो. तोही कोराच. त्यावर सब्लिमेशनचा (म्हणजे उष्णतेने रंग मगावर उतरवायच्या छपाईचा) कागद गुंडाळून प्रेसमध्ये घातला तर चित्र फिकं उमटतं आणि घासलं की निघून जातं. आमच्याकडे लोक असे मग घेऊन येतात, ‘यावर छापून द्या’ म्हणतात, आणि त्यांना परत पाठवताना मला मनापासून वाईट वाटतं.

बाजारात फरक असा बोलला जातो: ‘साधा’ आणि ‘कोटिंगवाला’. तुमच्या यादीत हा दुसरा शब्द आलाच पाहिजे.

प्रतिसाद, विलेपार्ले (रसायनशास्त्र शिकवते)

यातला शास्त्राचा भाग सांगते, म्हणजे शब्द निवडणं सोपं जाईल.

आपल्या पाठ्यपुस्तकांत सब्लिमेशनला ‘संप्लवन’ म्हणतात. स्थायूचा द्रव न होता थेट वायू होणं, उदाहरणार्थ कापूर, आयोडीन, नवसागर. इथे एक सावधगिरी हवी. हिंदी पुस्तकांत याच क्रियेला ‘ऊर्ध्वपातन’ म्हणतात. मराठीत मात्र ऊर्ध्वपातन म्हणजे डिस्टिलेशन. हिंदी यादीवरून मराठी यादी करणारे हमखास ‘ऊर्ध्वपातन मग’ लिहितील आणि वाचणाऱ्याला अत्तराची भट्टी आठवेल.

कागदावर छापलेला रंग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वायुरूप होतो आणि पॉलिमरच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या, थरात शिरतो. थंड झाल्यावर तो तिथेच अडकून राहतो. म्हणूनच पॉलिएस्टरचं कापड हे रंग धरतं, सुती कापड धरत नाही. चिनी मातीच्या मगावर असते ती ‘झिलई’, म्हणजे भट्टीत वितळून बसलेला काचेसारखा थर. त्यात रंगाला शिरायला वाव नाही. छपाईच्या मगावर झिलईच्या वर पॉलिमरचा आणखी एक पातळ थर दिलेला असतो. त्याला ‘लेप’ म्हणावं. झिलई आणि लेप हे दोन्ही शब्द मराठीत आधीपासून आहेत, पण दोन्ही मगांना ‘चकचकीत’ म्हणून आपण हा फरक पुसून टाकतो. ‘लेपित’ मला रुक्ष वाटतं. ‘लेप दिलेला’ लिहा, शेजारी ‘कोटिंगवाला’ राहू द्या.

आणि ‘कोरा’ला माझा पाठिंबा, त्याला कारण आहे. कुणी म्हणेल, लेप दिलेला मग कोरा कसा? पण कोऱ्या कापडालाही खळ असतेच की. गिरणीतून खळ लावून आलं तरी एकदाही न धुतलेलं, न नेसलेलं कापड कोरंच. कोरा म्हणजे न वापरलेला. त्यावर काहीच नाही असा त्याचा अर्थ नाही. फरक इतकाच की कापड रंगवायचं तर आधी खळ काढावी लागते आणि मगाचा लेप जपावा लागतो.

प्रतिसाद, लालबाग

बाई, खळीचं उदाहरण नेमकं आहे. लेप ओळखायच्या खुणा लिहून ठेवतो. मग तिरक्या उजेडात फिरवून बघा. लेपाची चमक थोडी प्लॅस्टिककडे झुकते आणि कधीकधी बुडापाशी लेप जिथे संपतो तिथे बारीक सीमारेषा दिसते. आतल्या बाजूला सहसा लेप नसतो, त्यामुळे आतून आणि बाहेरून बोट फिरवून फरक जाणवतो का पाहा. बुडाजवळ सुईने हलका ओरखडा काढला तर लेपावर तो उठतो, झिलईवर सहसा उठत नाही. पण खात्रीची परीक्षा एकच: छापलेल्या कागदाचा नखाएवढा तुकडा चिकटवून एक मग प्रेसमध्ये घालायचा आणि नंतर साबणाने घासून बघायचं. नवा खोका आला की एक मग या कामी गेला तरी चालेल, बाकीचे पस्तीस वाचतात.

पावसाळ्यात हीच परीक्षा फसवू शकते. मुंबईच्या दमट हवेत कागद ओल धरतो, रंग पसरतो आणि दोष मात्र मगाच्या माथी जातो. कागद बंद पिशवीत ठेवा.

प्रतिसाद, माहीम (वस्तूंचे फोटो काढतो)

शब्दाला फोटोची साथ नसेल तर ‘लेप दिलेला’ लिहूनही भागणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पांढरा मग पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला की तो राखाडी येतो. कॅमेरा पांढऱ्या रंगाला जास्तीचा उजेड समजून फोटो काळपट करतो. फोनवर मगाला बोट लावून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा, पण काठाचे बारकावे जातील इतकी नको. दुसरी अडचण कडांची. पांढऱ्यावर पांढरं म्हणजे मगाची कड पार्श्वभूमीत विरघळते. यावर जुना उपाय आहे: मगाच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या कार्डपेपरच्या उभ्या पट्ट्या ठेवायच्या. त्यांचं प्रतिबिंब मगाच्या कडांवर बारीक गडद रेघ होऊन उमटतं आणि आकार सुटा दिसतो. खाली-मागे एकच मोठा चार्टपेपर वळवून लावा, म्हणजे टेबल आणि भिंत यांची रेघ येत नाही.

उजेड खिडकीचा घ्या आणि ट्यूबलाइट बंद करा. दोन्ही एकत्र असले की मगाची एक बाजू निळसर, दुसरी पिवळट दिसते. खिडकीचे गज मगावर उमटत असतील तर मध्ये बटर पेपर किंवा पातळ पांढरं कापड धरा. ढगाळ दिवस या कामाला फार चांगला. फोन मगाच्या अगदी जवळ नेऊ नका. मागे सरकून दुपटीने झूम करा, नाहीतर पोट फुगलेलं आणि बूड निमुळतं दिसतं.

एका मगाचे निदान चार फोटो हवेत: कान उजवीकडे ठेवून समोरून, कान समोर घेऊन, बूड, आणि आतली बाजू. पाचवा मुद्दाम बटर पेपर काढून, तिरक्या उजेडात, लेपाची चमक दाखवणारा. आकार कळायला एका फोटोत मोजपट्टी ठेवाच.

आणि हो, ‘हँडल’ कशाला? कपाला कान असतो. ‘कानावर रंग’, ‘बदामी आकाराचा कान’ असं लिहिलं तर कुणालाही कळेल. दोषांनाही आपल्याकडे नेमके शब्द आहेत. काठाचा तुकडा उडाला तर टवका, आरपार रेघ गेली तर तडा, वरवरचा ओरखडा असेल तर चरा. ‘डॅमेज’ या एका शब्दाने यातलं काहीच कळत नाही. टवका उडालेला मग कुणीतरी पेनं ठेवायला घेईल, तडा गेलेला कुणीच घेऊ नये.

धागाकर्ती, गिरगाव

सगळ्यांचे आभार. पहिली नोंद अशी केली आहे:

‘कोरा कॉफी मग, पांढरा, चिनी मातीचा. छपाईचा लेप दिलेला (कोटिंगवाला). अकरा औंस, म्हणजे सुमारे ३२५ मिलिलिटर. उंची साधारण साडेनऊ सेंटिमीटर. लेप फक्त बाहेरून. काठ आणि कान तपासलेले, टवका नाही.’

‘संप्लवन’ मथळ्यात घातलं नाही, कारण शोधणारे ‘सब्लिमेशन मग’ असंच शोधतात. माहितीच्या परिच्छेदात दोन्ही शब्द शेजारी ठेवले आहेत. एक शंका उरली: ‘मगवर’ की ‘मगावर’?

प्रतिसाद, विलेपार्ले

‘मगावर’. कपावर, पेनाने, टेबलावर म्हणतो तसंच. बोलताना ‘मगवर’ ऐकू येतं, ‘फोनवर’सारखं, आणि ते कुणाला खटकत नाही. पण यादीत ‘मगावर’, ‘मगाचा’, ‘मगात’ लिहिलंत तर ‘नंतर’ या अर्थाच्या ‘मग’पासून तो शब्द चटकन वेगळा ओळखू येतो, कारण त्या ‘मग’चं रूप कधीच बदलत नाही.

प्रतिसाद, लालबाग

ताई, मॅजिक मगाला ‘मॅजिक मग’च राहू द्या, सगळे तसंच मागतात. फक्त त्याचे फोटो दोन लावा, थंड असतानाचा काळा आणि गरम पाणी ओतल्यावर उजळलेला. तो थंड असताना सहसा काळाच दिसतो, त्यामुळे त्याला ‘पांढरा’च्या रकान्यात टाकू नका. आणि त्याच्या नोंदीत ‘कोरा’ आवर्जून लिहा, कारण काळ्या थराखाली चित्र आधीच आहे असं समजून विकत घेणारे पुष्कळ भेटतात.